अकरा इंचांचा फूट

“तोडा, काका,” उर्वशी फोनवर म्हणाली.

लखीरामच्या हातातला रंधा थांबला. “सगळं?”

“तळापासून. त्या काळच्या डच फुटात अकराच इंच असायचे. तुम्ही बारा धरलेत. म्हणून लांबी आणि फळ्यांची जाडी यांचा मेळ बसत नाही.”

घाटंजीत दारं-खिडक्या करण्यात लखीरामचं आयुष्य गेलं. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. पण चारशे वर्षांपूर्वीच्या डच मालवाहू जहाजाचं चित्र कुठंसं पाहिलं आणि त्याची लहान लाकडी प्रतिकृती करण्यात गडी अडकला. खाली पोट फुगलेलं, वर गळा आवळलेला, अगदी पाण्याच्या माठासारखं. एवढ्याशा देशातल्या सुतारांनी असलं काही बांधून अर्धी पृथ्वी पालथी घातली, या विचारानं त्याच्या अंगावर काटा यायचा.

उर्वशी उमरखेडची. हॉलंडात जाऊन जुन्या जहाजांचा अभ्यास करून आलेली. नागपुरात एक नवं संग्रहालय होणार होतं आणि तिथं कोणतं जहाज ठेवायचं, हे तीच ठरवणार होती. आपलं जहाज तिथं लागावं, एवढाच लखीरामला ध्यास होता.

पोरगी भारी कडक. फोटो पाठवू का विचारलं की म्हणायची, “फोटोतून मला काही कळत नाही. मोजून सांगा.” रंगाचा विषय काढला तर, “रंग राहू द्या, दोरांचं बोला.” कोणता दोर किती जाड, कुठून निघून कुठे बांधला, सगळं तिला तोंडपाठ. लखीराम थक्क होऊन ऐकत राहायचा. एका डोक्यात एवढं मावतं कसं, त्याला कळत नसे.

त्यानं सांगाडा तोडला आणि सागवानात पुन्हा उभा केला. वर्ष गेलं. भर मे महिन्यात ती पाहायला आली.

आई शीलाबाईंचा हात धरून ती एसटीतून उतरली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. त्या उन्हात गावातल्या सगळ्याच पोरी तशा फिरतात. जहाज कापसाच्या जुन्या गोदामात टेबलावर ठेवलं होतं. खिडकी नाही, एकच बल्ब. आत आल्यावर तिनं स्कार्फ सोडला, गॉगल मात्र तसाच. हॉलंडचा रुबाब असेल, लखीरामला वाटलं.

तिनं हात धुवायला पाणी मागितलं, हात कोरडे केले आणि आईबरोबर टेबलापाशी गेली. तेवढ्यात लाईट गेली.

“थांबा मॅडम, टॉर्च आणतो. मोबाईल बाहेरच राह्यला माहा.” लखीराम चाचपडत दाराकडे निघाला.

“मधल्या डोलकाठीचा डावा दोर सैल आहे,” मागून तिचा आवाज आला. “तेवढा ताणून घ्या.”

तो जागीच थबकला. टेबलाकडून लाकडावर बोटं फिरल्याची बारीक सळसळ येत राहिली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “पोट बरोबर आलंय, काका. इतकं बरोबर मी तिकडेसुद्धा पाहिलं नाही. हेच जहाज नागपूरला जाईल.”

तरी लखीरामला राहवेना. “अंधारात काय दिसलं तुमाले? टॉर्च येऊ द्या, नीट पाहा, मंग सांगा.”

“टॉर्च राहू द्या, भाऊ,” शीलाबाई म्हणाल्या. “जन्मापासून तिले कधी लागलाच नाही.”