तांब्यातला चेहरा

बाईवर जीव जडलेल्या बायकांचा तो ऑनलाइन गट. तिथे प्रत्येकीला फुलाचं नाव, आणि फोटो फक्त हातांचे. कुणी ओळखू येऊ नये म्हणून ऋजुता प्रत्येक फोटो आधी निरखायची, मगच गटावर सोडायची.

त्या पेंगुळलेल्या दुपारी नव्या 'अबोली'चा फोटो आला. मांडीवर विसावलेले सुरकुतलेले हात, शेजारी लख्ख घासलेला पितळी तांब्या. आणि तांब्याच्या पोटात, पाण्यात बुडाल्यासारखा, एक लांबट चेहरा तरंगत होता.

आत्या! लग्नाचा विषय निघाला की उठून जाणारी, पलीकडच्याच खोलीतली आत्या.

ऋजुताने हलक्या बोटाने तांब्यावर धुकं पसरलं आणि लिहिलं, "अबोली, तांब्यात चेहरा दिसत होता. पुसलाय."

"अगंबाई! तुम्ही ओळखलंत का मला?"

धावत जाऊन आत्याच्या गळ्यात पडावं, असं ऋजुताला वाटलं. पण गटातलं गुपित गटातच ठेवायचं, हा नियम तिनेच घातला होता.

"नाही," तिने लिहिलं.

भिंतीपलीकडून एक सुस्कारा ऐकू आला. आणि मग, कित्येक वर्षांनी, आत्याचं गुणगुणणं.