उंच खिडकी

रस्त्यापलीकडून हातोड्याचे घाव ऐकू आले, तशी डॉरीनबाईंची चाकाच्या खुर्चीत पुन्हा चुळबुळ सुरू झाली. समोर त्यांचं नुकतंच विकलेलं घर होतं, आणि नवे मालक तिथे काय पाडताहेत ते दिसत नव्हतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या गावच्या शाळेत आता हा वृद्धाश्रम होता. पण मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून उंच बांधलेल्या खिडक्या तशाच होत्या.

"नेव्हिल, ही खिडकी हातभर खाली घे की रे! मी काय शिक्षा भोगतेय?"

"परवानगी नाही, बाई. सरकारने जपलेली वास्तू आहे," वृद्धाश्रमाची देखभाल पाहणारा नेव्हिल म्हणाला.

"कुठल्या शहाण्याने हा उद्योग केला?"

 

"तुम्हीच, बाई. शाळा पाडायला यंत्र आलं, तेव्हा 'एक वीट हलू देणार नाही' म्हणत दारात आडव्या पडला होतात."