मधल्या भिंतीतला फिशटँक

घराची वाटणी झाली, पण फिशटँकवरचा हक्क दोघा भावांपैकी कुणीच सोडेना. शेवटी तो मधल्या नव्या भिंतीतच बसवला, दोन्हीकडून दिसेल असा.

मोठा भाऊ फिशटँकच्या दुकानात आला. "चांगली रुंद पानांची झाडं द्या. लाल चालतील, जांभळी चालतील. पलीकडचं तोंड दिसता कामा नये."

"मागच्या महिन्यात नेलीत की!"

"नुसते देठ उरलेत."

दुकानदाराने तळहाताएवढ्या लाल पानांचं झाड पाण्यातून काढलं. "हेही टिकायचं नाही. तुमचे धाकटे भाऊ पाला खाणारे मासे घेऊन गेलेत. म्हणाले, जेवताना दादा दिसत नाही."

मोठ्या भावाने झाड उलटसुलट करून बघितलं.

"मग त्या माशांना आवडेल असं दाखवा."