येऊ का?

बेघर मुलांच्या निवाऱ्यात आल्या दिवशीच तिथल्या ताईंनी भिंगरीला बजावलं, "कुणाच्याही घरात शिरायचं, तर आधी दार वाजवायचं."

भिंगरीचा आठ वर्षांचा अख्खा जन्म फुटपाथवर गेलेला. दार ही चीजच नवी, त्यामुळे तिने ते फारच मनावर घेतलं. कपाट उघडण्याआधी टकटक. डब्याच्या झाकणावर टकटक. बुटात पाय घालण्याआधीही टकटक. "आत कुणी असलं तर?" म्हणे! ताईंनी कपाळाला हात लावला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मात्र कहर झाला. दप्तर पाठीला लावून भिंगरी निवाऱ्याच्या मोठ्या दारापाशी आली आणि आतूनच दार वाजवत उभी राहिली. उशीर होत होता. ताईंचा पारा चढला.

"अगं बये, बाहेर पडताना कुणी दार वाजवतं का? आपण काय कुणाच्या घरात शिरतोय?"

"मग काय ताई? फुटपाथवरच्या पोरांचं घर इथूनच तर सुरू होतं. त्यांनी 'या' म्हणायला नको?"

ताई काही बोलणार, तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर झोपलेल्या कुणा पोराचा पेंगुळलेला आवाज आला.

"या. पण पाय पुसून या."