सासूबाईंचे डोहाळे

धाकट्या दिराचं लग्न झालं त्या वर्षी सुनीतीला दिवस गेले. तिची नोकरी सुटू नये म्हणून डॉक्टरांनी दोघींच्या मनगटांत यंत्र बसवून तिचा सगळा त्रास सासूबाईंकडे, द्वारकाबाईंकडे वळवला. बाळ सुनीतीच्या पोटात, उलट्या आणि डोहाळे सासूबाईंना. नवरा चिंचा आणायचा, त्याही आईच्याच हातात द्यायचा.

"बाई गं, काय लाथ मारली!" द्वारकाबाई पोट धरून हसल्या.

सुनीतीचा जळफळाट झाला. "आई, लाथा तरी मला द्या."

"लाथा घेतल्यास तर कळाही तुलाच येतील, पोरी. मला चार बाळंतपणांची सवय आहे."

'म्हातारीला सोडवत नाही,' सुनीतीला वाटलं.

माघात ती एकही कळ न येता बाळंत झाली. शेजारच्या खाटेवर द्वारकाबाई कळा सोसत होत्या. नातीचं रडणं त्यांनी ऐकलं. माघ वद्य पंचमीला, सकाळी, त्या वारल्या.