वीस हिवाळे

“आत माया ठेवा हो. पोर वाढतंय.”

बायकोचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. मुलाचा पहिला कोट कापायला घेतला, तेव्हा दाराला टेकून ती म्हणाली होती. आता ती नाही. तीन वर्षांमागं तो मुलगाही गेला. पण कुठलाही कपडा हातात आला की टेलरमास्तरांच्या कानात तो आवाज उतरतोच. आत्ताही, काचेच्या या भल्यामोठ्या दुकानात, सुनेनं पुढं धरलेलं जॅकेट त्यांनी घेतलं आणि सवयीनं सर्रकन उलटं केलं.

“काका, असं उलटंपालटं नका करू,” दुकानातली बाई म्हणाली. “भारी माल आहे.”

“सुलटी बाजू गिऱ्हाइकानं बघायची,” मास्तर म्हणाले. “टेलरनं आतली.”

सून नर्स होती. पुढच्या आठवड्यात लांबच्या एका बर्फाळ गावी रुजू व्हायची होती. जॅकेटचा खर्च तिथलं रुग्णालयच करणार होतं, त्यामुळं किमतीची कुरकुर नव्हती. अडलं होतं ते दोन कंपन्यांवर. एकीच्या जॅकेटवर छातीशी पांढरा पक्षी, दुसरीच्या दंडावर काळा डोंगर. पक्षीवालं निळं, पोटात बदकाची पिसं, फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं. डोंगरवालं मातकट, जाडजूड, रुसून बसलेल्या माणसासारखं.

मास्तरांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके बारीक, एकसारखे. नाव ठेवायला जागा नव्हती. मग दोन बोटांनी त्यांनी शिवणीच्या आत चाचपलं. दुसऱ्या जॅकेटचंही चाचपलं.

“दोन्हीत माया नाही.”

“काय नाही?” बाईनं विचारलं.

“शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती माया. माणूस अंगानं भरला की उसवायचं, सैल करायचं.”

“कंपनीच्या मालात ती नसते, काका. माप बदललं की लोक नवीन घेतात.”

“असेल बाबा,” मास्तर स्वतःशीच म्हणाले.

सुनेनं निळं जॅकेट चढवलं आणि आरशासमोर उभी राहिली. तीन वर्षांत असा रंग तिच्या अंगाला लागला नव्हता. मास्तर बघत राहिले.

“हे टिकेल किती?” त्यांनी बाईला विचारलं.

“रोज वापरलं तर दोन हिवाळे, फार तर तीन. वरचं कापड नाजूक आहे. विरलं की पिसं बाहेर येतात.”

“मला दोनच पुरेत,” सून म्हणाली. बोलत होती बाईशी, पण आरशातून तिची नजर मास्तरांवर होती. “दोन वर्षांचंच काम आहे. मग घरी.”

“मग वडिलांना काळजी नाही.”

“सासरे आहेत माझे. आणि काळजी मलाच आहे. दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घालायचे, तर हे गालावर घालतात.”

“हल्ली गालाला चांगलं दिसायला लागलंय,” मास्तर म्हणाले.

बाई हसली. सून मात्र हसता हसता थांबली.

नोकरीच्या पत्रात दोनाचा आकडा कुठंच नव्हता. पत्र आलं त्या दिवशी मास्तरांच्या तोंडाकडं बघून तिनं तो आपल्या मनानं घातला होता. मास्तरांना हे माहीत होतं. आणि माहीत असूनही ते चार महिने गप्प होते.

त्यांनी डोंगरवालं जॅकेट उचललं. “आणि हे?”

“हे वीस हिवाळे बघतं. चेन तुटू दे, अस्तर फाटू दे, कंपनी कायम दुरुस्त करून देते. पण ताईंना जड होईल. तिकडं घर करून राहणारे लोक घेतात हे.”

“हात घाल,” मास्तर सुनेला म्हणाले.

“बाबा, मला निळंच आवडलंय.”

“आधी हात तर घाल.”

पन्नास वर्षं लोकांना कोट चढवले, तसंच त्यांनी ते तिच्या पाठीशी धरलं. खांदे बसवले. बाह्या ओढून पाहिल्या. “वाक. पेशंटला उचलतेस तशी वाक.” ती वाकली. कुठं ओढलं नाही, कुठं चुणी पडली नाही.

“वजन आहे हो याला.”

“अंगवळणी पडतं.” मग ते बाईकडं वळले. “यात निळा रंग निघेल का?”

“आत बघावं लागेल,” म्हणत बाई गेली.

सून पाठमोरी उभी होती. “वीस वर्षं मी काय करू याचं, बाबा?”

मास्तर तिच्या पुढ्यात आले. चेन खालून धरली आणि हळूहळू वर ओढत नेली, गळ्यापर्यंत. चेन लागली तरी त्यांनी हात काढला नाही.

“ते पत्र मी औषधवाल्याकडून वाचून घेतलं होतं.”

तिनं मान खाली घातली. “त्या दिवशी तुमच्याकडं बघवेना मला.”

“तू दोन म्हणायचीस. मला रात्री झोप लागायची. म्हणून बोललो नाही.”

आत कुठंतरी खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी तिची कॉलर नीट केली. नीटच होती, तरी केली.

“तू परत यावंस असं मला रोज वाटतं, बाळ,” ते म्हणाले. “तरी येऊ नकोस.”