कर्जतसाठीची प्रत

पडद्यावर हार घातलेला फोटो दिसला आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला अनुपम!"

सभागृह हसलं. अनुपम म्हणजे फिल्म करणाऱ्या ऋजुताचा मामेभाऊ. तो त्याच रांगेत वेफर्स खात बसला होता. शेजारच्याने त्याच्या पाठीत थाप मारली. "कधी गेलास रे? कळवलं पण नाहीस." अनुपमने उठून दोन्हीकडे नमस्कार केला. जिवंतपणी एवढा मान त्याला गावात कधी मिळाला नव्हता.

भिंतीला टेकून उभी असलेली ऋजुता हसली नाही. तो फोटो तिनेच परवा संगणकावर तिथे चिकटवला होता. मूळ फिल्ममध्ये ती भिंत रिकामी होती. दोन बायका एका घरात राहतात, भांडतात, एकमेकींचे केस विंचरतात. शेवटी एक पाहुणा एकीला विचारतो, ही तुझी कोण? ती म्हणते, "ही माझी आहे." सगळी फिल्म त्या एका वाक्यासाठी केलेली. मुंबईत त्या वाक्याला लोक उभे राहिले होते. ऋजुताने तिथे माईक हातात घेऊन धैर्यावर भाषणही दिलं होतं. धैर्याची तिच्याकडे कमी नव्हती. फक्त ते नेरळपर्यंतच पुरायचं.

पुढे कर्जत होतं आणि कर्जतला आई होती. सुनीतीबाईंनी उभं आयुष्य इथल्या शाळेत मराठी शिकवलं. निम्मं गाव त्यांचे विद्यार्थी, उरलेलं पालक. मागच्या वर्षी ऋजुताने आईला फिल्म फोनवर पाठवली, तेव्हा उत्तरात नुसते जोडलेले हात आले. लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुकाही लाल पेनाने काढणारी बाई, आणि एका शब्दाचा शेरा नाही! आईने पाहिलीच नसणार, असं ऋजुताने ठरवून टाकलं. तसं ठरवणं सोयीचं होतं.

आणि मग आईनेच हा घाट घातला. वाचनालयाचं सभागृह मागून घेतलं. आत्या, मामा, भिशीच्या बायका, जुने मुख्याध्यापक, सगळ्यांना स्वतः फोन केले. ऋजुताला घाम फुटला. तिने कर्जतसाठी वेगळी प्रत तयार केली. फोटो लावून एकीला विधवा केलं, दुसरीला तिची नणंद. राहता राहिलं ते वाक्य. ते सानवीच्या तोंडी होतं.

सानवी फिल्ममधली नायिका. ऋजुताचा संसारही तिच्याशीच; आईला सांगताना मात्र 'रूममेट'. तिने माईकसमोर एक शब्द वाढवून वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्याच झटक्यात. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "झालं? की अजून कुणाला मारायचंय?"

आता ती पहिल्या रांगेत सुनीतीबाईंच्या शेजारी होती. बाईंनीच तिला हाताला धरून तिथे बसवलं होतं. अंगावर साडीही बाईंचीच. ऋजुताला मागून दोघींच्या फक्त माना दिसत होत्या.

पडद्यावर पाहुणा आला. "ही तुझी कोण?"

"ही माझी वहिनी आहे," सानवीचा आवाज म्हणाला. ओठ आधीच मिटले होते. आवाज त्यांच्यामागून फरफटत आला. पहिल्या रांगेतली एक मान खाली गेली. ऋजुताने मोबाइल काढला आणि उगाचच त्यात बघत राहिली.

टाळ्या भरपूर पडल्या. कुणाचंच काही बिघडलं नाही की टाळ्या मोकळ्या हाताने पडतात. चहा फिरू लागला तशी लोधिवलीच्या मोतीबाईंनी ऋजुताला कोपऱ्यात गाठलं. शूटिंग त्यांच्याच घरात झालं होतं.

"काय गं, माज्या भिंतीवर ह्यो मयत कुठनं आला? शूटिंगच्या टायमाला तर नव्हता."

"तो नंतर लावला, मोतीबाई. कॉम्प्युटरवर."

"मंग काढून टाक बाय. आमच्या घरात समदी जिती हायत. जित्या मानसाला हार घालू नाय."

ऋजुता "हो" म्हणाली. तिने कप तसाच खाली ठेवला.

तिकडे आत्याने सुनीतीबाईंचा हात धरला होता. "वहिनी, नणंद-भावजया असाव्यात तर अशा! नाहीतर आपण दोघी!" भोवतालच्या बायका खिदळल्या. सुनीतीबाई हसल्या नाहीत. आत्याने मोर्चा सानवीकडे वळवला. "तू मात्र काम छान केलंस हो. आता लग्नाचं मनावर घे. आमच्या ओजसच्या ऑफिसात एक मुलगा आहे."

"बघू या ना," सानवी म्हणाली आणि रिकामे कप गोळा करायला लागली.

माणसं पांगली, तेव्हा सुनीतीबाई ऋजुताजवळ आल्या.

"मला पाठवलीस तिच्यात नणंद नव्हती."

ऋजुताची कानशिलं तापली. "तू बघितली होतीस?"

"पाठ झालीय."

"आई, तुला इथे राहायचंय. उद्या बाजारात लोकांनी तुला काही विचारलं असतं, तर... तुझ्यासाठीच बदलली गं मी."

सुनीतीबाईंनी सानवीकडे पाहिलं. ती पाठमोरी उभी राहून खुर्च्या एकीवर एक रचत होती.

"वर्षभर मी एकेकाला तुमच्या दोघींचं सांगायला जायचे आणि दारातूनच परत यायचे," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं तोंडाने होत नव्हतं, म्हणून तर आज सगळ्यांना बोलावलं."